भरणीची घटिका

फार फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. तेव्हा माणसं वर्षं मोजत नसत, पावसाळे मोजत, आणि त्यातही दोघांचा आकडा कधी जुळत नसे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं राज्य होतं. तिथल्या नदीवर दगडी बंधारा होता, बंधाऱ्यातून एक पाट निघायचा आणि पाटाच्या मुखाशी एक शाळा होती. इतर राज्यांतल्या शाळांमधून तलवार शिकवत, श्लोक शिकवत. या शाळेत पाणी वाटायला शिकवत. तुम्ही हसाल. पण ज्यानं करपत्या पिकाच्या बांधावर उभं राहून पाण्याची वाट पाहिली आहे, तो हसायचा नाही.

पाटावर चार गावं होती. मुखाशी वरचं गाव, मग मधली दोन आणि सगळ्यात शेवटी टोकाचं गाव. दर आठ दिवसांनी पाटाला पाणी सुटायचं, तेही सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. दिवसाच्या घटिका तीस. पैकी वरच्या गावाला दहा, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला सहा आणि टोकाच्या गावाला सहा. सूर्य मावळला की बंधाऱ्याचं दार पडायचं. मग खुद्द राजानं हात जोडले तरी थेंब मिळायचा नाही.

घटिका मोजायची कशी? शाळेच्या ओसरीवर पाण्यानं भरलेलं एक मोठं घंगाळ होतं. त्यात तांब्याची एक पातळ वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू आत यायचं, वाटी भरायची आणि बुडायची. वाटी बुडाली की एक घटिका झाली. पाळीवरचा विद्यार्थी ओरडायचा, "बुडाली!" आणि काशाच्या थाळीवर टोला द्यायचा. तो ऐकून गावोगावचे डफवाले डफ वाजवत, आणि डफ ऐकून पाटाच्या फळ्या वरखाली होत. साऱ्या खोऱ्याचं पोट त्या एवढ्याशा भोकावर चालायचं. म्हणून पाळीवरच्या विद्यार्थ्याखेरीज वाटीला कुणी हात लावायचा नाही, हा शाळेचा पहिला नियम होता.

शाळेच्या दारात एक काळी शिळा होती. विद्यार्थी आला की त्याचं नाव तिच्यावर गेरूनं लिहीत. तीन वर्षांनी तो परीक्षेत उतरला की तेच नाव छिन्नीनं कोरत. कोरलेल्या नावाचा माणूस पाटकरी व्हायचा, आणि पाटकऱ्याचा शब्द चारी गावं मानत. पण कुणी मोठा अपराध केला, तर ओल्या फडक्यानं त्याचं नाव पुसून टाकत. पुसलेलं नाव शिळेवर पुन्हा लिहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

या शाळेत चिमा नावाची मुलगी शिकत होती. बाप कुंभार, पाटापासून लांब माळावर राहणारा. पोरगी मात्र गणितात अशी तरबेज, की गुरुजी धुळपाटीवर आकडे मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं. हुशार माणसांना एक खोड असते, ती हिलाही होती. आपण हुशार आहोत हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तिला फार आवडायचं.

तिच्याच वर्गात वरच्या गावच्या सरदारांचा मुलगा रायाजी होता. मनानं तसा वाईट नव्हता, पण त्याचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा. परीक्षेत तो दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटला असता तर बाडबिस्तरा गुंडाळून घरी जावं लागलं असतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो चिमाला म्हणाला, "परीक्षेच्या पाच घटिकांत माझं काही होत नाही गं. सहा मिळाल्या, तर मी तरून जाईन. पण घटिका काय कुणाच्या बापाला वाढवता येते?"

"का नाही येणार?" चिमा म्हणाली.

"तुला येईल? पण नको, राहू दे. तुझं डोकं शाळेत सगळ्यांत तेज आहे खरं, तरी हे तुझ्याही आवाक्यातलं नाही."

झालं! चिमा हरभऱ्याच्या झाडावर चढली. तिनं आकडेमोड केली. भोकात मोहरीच्या चतकोराएवढं मेण बसवलं, तर वाटी सव्वापट वेळानं बुडेल. पाच घटिकांच्या सव्वासहा होतील. आभाळ चार दिवस ढगाळ होतं, त्यामुळे सावली पाहून कुणाला शंका यायची नाही. रायाजीनं मेण आणून दिलं. पहाटे पाळीवरचा धोंडू नावाचा साधाभोळा मुलगा घंगाळ भरायला नदीवर पाणी आणायला गेला, तेवढ्यात चिमानं मेण बसवलंसुद्धा. परीक्षा संपली की काढून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं.

परीक्षा झाली. रायाजीची गणितं पहिल्यांदाच पुरी झाली. चिमा ओसरीकडे गेली, तर घंगाळापाशी एक गुरुजी बसलेले. थोड्या वेळानं काढू, ती म्हणाली. मग पंगत बसली. परीक्षेच्या दिवशी शाळेत पुरणपोळी असायची. तूप आलं, आग्रह झाला, सगळ्यांनी मिळून चिमाची तारीफ केली, आणि मेण वाटीत राहिलं ते राहिलंच.

तिनं परीक्षेचा हिशेब केला होता. तोच दिवस पाटाला पाणी सुटायचा होता, पण पाण्याचा हिशेब तिच्या डोक्यातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात एक बाई उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, पदर खोचलेला, डोळे लाल. ती टोकाच्या गावची ठकूबाई. तिचा कांद्याचा मळा पाटाच्या अगदी शेवटच्या हातावर होता.

"आचार्य कुटं हाईत?" तिनं विचारलं. शाळेचे वृद्ध आचार्य बाहेर आले. "म्हाराज, काल आमचं पानी कुटं गेलं? दिसभर बांधावर हुबी व्हते म्यां. अंधार पडला, दार पडलं, पर आमचा डफ काय वाजला न्हाई. कांदा पोसायला लागलाय. आता आनखी आठ दीस कसा दम धरायचा त्यानं?"

आचार्यांनी थाळीवरच्या टोल्यांची मोजणी मागवली. कालच्या दिवसात टोले पडले होते चोवीस. दहा, आठ आणि सहा. तीन गावांचं पाणी झालं आणि सूर्य मावळला. टोकाच्या गावाच्या वाट्याला शून्य आलं होतं.

 आचार्यांनी वाटी उचलली, उजेडाकडे धरली आणि भोक नीट निरखलं. मग काटा घेऊन त्यांनी मेण काढलं आणि तळहातावर ठेवलं.

सगळ्या शाळेला अंगणात उभं करण्यात आलं. "पहाटेची पाळी कुणाची होती?" आचार्यांनी विचारलं.

धोंडू पुढे आला.  "माझी होती. पण मी नाही केलं, गुरुजी. मी पाणी आणायला गेलो होतो. मला तर हे असं करता येतं हेही ठाऊक नव्हतं."

कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पाळी ज्याची, जबाबदारी त्याची, असाच रिवाज होता. एक गुरुजी फडकं भिजवायला गेलेसुद्धा.

रायाजी चिमाच्या कानाशी लागला. "गप्प राहा. धोंडूचं काय, तो आज ना उद्या आपटणारच होता. तुझं नाव तर या महिन्यात कोरलं जाणार आहे."

चिमानं शिळेकडे पाहिलं. तिथं तिचं गेरूतलं नाव होतं. तिच्या बापाला वाचता येत नव्हतं, पण शाळेत पोचवायला आला तेव्हा त्यानं त्या नावावरून बोट फिरवून पाहिलं होतं. मग तिनं ठकूबाईच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं.  तिला स्वतःची इतकी लाज वाटली, इतकी, की तिथं उभं राहणंच अशक्य झालं.

"धोंडूनं काही केलेलं नाही," ती पुढे येऊन म्हणाली. "मेण मी बसवलं. परीक्षा झाली की काढणार होते. जेवणाच्या नादात विसरले."

फडकं भिजवायला गेलेले गुरुजी परत फिरले.

"मेण कुठून आणलंस?" आचार्यांनी विचारलं.

"ते ज्यानं आणलं त्यानं सांगावं. मी माझं सांगितलं."

आचार्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.  अखेर रायाजी खाली मान घालून म्हणाला, "मी फक्त मेण दिलं."

"बाकीचं तिनं केलं, असंच ना?" आचार्य म्हणाले. "पाणी गेलं ते दोघांनी मिळून घालवलं."

त्यांनी निवाडा दिला. कालची परीक्षा सगळ्यांची रद्द. ती पुन्हा होईल, आणि या दोघांना तिला बसता येणार नाही. दोघांची नावं आत्ता पुसली जातील. "नियमाप्रमाणे इथंच तुमचा निकाल लागला," आचार्य म्हणाले. "पण माझं काही नुकसान झालेलं नाही, शाळेचंही नाही. नुकसान टोकाच्या गावाचं झालं. तेव्हा तुम्हाला क्षमा करणारा मी कोण? वर्षभर टोकाच्या गावी राहा. पाटातला गाळ काढा, फळी उचला, ते सांगतील ते काम करा. वर्षानं ते गाव स्वतः इथं येऊन म्हणालं, की यांची नावं लिहा, तर लिहीन. नाही म्हणालं, तर विषय संपला."

"आमाला कशाला ह्यो भार?" ठकूबाई तिथल्या तिथं म्हणाली.

त्याच संध्याकाळी सरदार घोड्यावरून आले. त्यांना सगळं कळलं होतं. "आचार्य, पोरं आहेत. पोरांच्या हातून होतं असं. शाळेच्या ओसरीला मी दगडी खांब घालून देतो, हे प्रकरण इथंच मिटवा. माझा मुलगा काय गाळ काढणार?"

"ओसरी चांगली आहे," आचार्य म्हणाले. "गाळ मात्र फार झालाय."

सरदार संतापले. मुलाला घोड्यावर मागे बसवून घरी घेऊन गेले आणि महिन्याभरात, आपलं वजन वापरून, त्यांनी त्याला वरच्या गावचा पाटकरी नेमलासुद्धा. शिळेवर नाव नसलेला पाटकरी खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता. पण सरदारांपुढे बोलणार कोण? बळी तो कान पिळी.

चिमा मात्र पायी टोकाच्या गावाला निघाली. अंतर चार कोस. जाताना तिनं शिळेकडे मागे वळून पाहिलं नाही. तिथं पाहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

टोकाच्या गावानं तिचं स्वागत कसं केलं असेल, ते तुम्हीच ओळखा. पोरं मागून ओरडत, "बुडाली! बुडाली!" बाया पाणवठ्यावर पाठ फिरवत. ठकूबाईनं तिला गोठ्याशेजारची खोली दिली, हातात कुदळ दिली आणि मळ्यात नेलं. निम्मा कांदा माना टाकून पडला होता.

"ह्यो बग. डोळं भरून बग," ठकूबाई म्हणाली. "तिकडं तुमी आकडं मांडता न्हवं? त्यो आकडा असा दिसतो हितं."

चिमानं पाहिलं, आणि ती रडली. ठकूबाईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता चल गाळ काढायला."

महिने गेले. चिमाच्या हातांना घट्टे पडले. गाळ काढता काढता तिला पाट कळू लागला, जो शाळेत बसून तिला कधीच कळला नव्हता. तिसऱ्या गावाची शीव सोडली की पुढचा अर्धा कोस पाट मुरमाड जमिनीतून जायचा. आठ दिवस कोरडा राहून तो भेगाळायचा. आणि गावातला प्रत्येक माणूस, लहान असो की म्हातारा, एकच रडगाणं गायचा, "आमच्या सहा घटिका सहा भरत न्हाईत." वरची गावं यावर हसत. टोकाचे लोक हावरे, असं खोऱ्यात सगळेच म्हणत. चिमाही शाळेत असताना म्हणायची.

एकदा पाण्याच्या दिवशी ती शिवेवर फळी उचलायला उभी होती. तिसऱ्या गावचा डफ वाजला. तिनं फळी उचलली. पाणी पाटात शिरलं, आणि ती सहज त्याच्याबरोबर चालायला लागली. चालता चालता ती थबकली. पाणी तिच्याएवढंही चालत नव्हतं! दर पावलाला थांबत होतं, भेगांत उतरत होतं, मुरमात जिरत होतं. पाट आधी स्वतःची तहान भागवत होता. शेतात पाणी पोचलं तेव्हा तिचे पाय उभं राहून दुखायला लागले होते.

आणि घटिका? घटिका फळी उचलली तेव्हापासूनच मोजली जात होती!

चिमा मटकन बांधावर बसली. एवढी मोठी शाळा, एवढे गुरुजी, एवढी नेमकी वाटी. पण वाटी नेहमी मुखाशी. तिला हात लावायचा नाही, म्हणून ती कधी ओसरीवरून हललीच नव्हती. ज्यांची नावं कोरली गेली, त्या मोठ्या पाटकऱ्यांना वरची गावं हौसेनं बोलवत. टोकाला मोजायला आजवर कुणी आलंच नव्हतं.

तिनं एक नारळ मागितला. ठकूबाई म्हणाली, "देवाला?" चिमा म्हणाली, "पाण्याला." करवंटी घासून तिनं पातळ केली आणि बुडाला भोक पाडलं. पहिली लवकर बुडे, दुसरी उशिरा. अंगणात काठी रोवून, आजच्या दुपारच्या सावलीपासून उद्याच्या दुपारच्या सावलीपर्यंत साठ वेळा बुडेल अशी करवंटी जमायला तिला सात नारळ लागले. गावानं सात दिवस खोबऱ्याची चटणी खाल्ली आणि पोरीचं डोकं फिरलंय असं ठरवलं.

मग तिनं मोजलं. एकदा नाही, वीस पाळ्या मोजलं. फळी उचलल्यापासून शेतात पाणी येईपर्यंत दीड घटिका जात होती. गावाला कळलं तेव्हा लोक नाचायचेच बाकी राहिले. त्यांचं रडगाणं खरं ठरलं होतं. आता पोरं तिच्या मागे ओरडत नसत, करवंटी धरायला आपसांत भांडत.

पण चिमा मोजायची थांबली नव्हती. सूर्यास्ताला फळी पडल्यावर ती पुन्हा बांधावर बसायची. शीव ते शेत या पट्ट्यात जे पाणी राहायचं, ते नंतरही थोडा वेळ येत राहायचं. तेही तिनं त्याच वीस पाळ्यांना मोजलं होतं. ते भरत होतं अर्ध्या घटिकेचं.

वर्ष संपत आलं. दिवसरात्र सारखी झाली की शाळेत चारी गावांची सभा भरायची. आदल्या दिवशी गावानं चिमाला पारावर बोलावलं.

"उद्या सबेत दीड घटिका सांगायची," गावचा पाटील म्हणाला. "त्यानंतर आमी तुझं नाव मागतो. कसं?"

"एक सांगीन," चिमा म्हणाली. "दीड जाते, पण शेवटी अर्धी परत येते. देणं निघतं एक घटिकेचं."

पारावर एकदम गलका झाला. ठकूबाई उठून उभी राहिली. "वरीसभर आमचं मीठ खाल्लंस, आन आमचंच अर्दं कापतीस? कुनाला कळनार हाय ती अर्दी? वरच्या गावाचा येक मानूस तरी आजवर हितं आलाय का?"

"म्हणूनच मी नीट मोजायला हवं, मावशी. दुसरं मोजणारं कुणी नाही."

"आन आमी तुझं नाव नाय मागितलं तर?"

 त्या नावासाठी तिनं वर्षभर गाळ उपसला होता. घरी तिचा बाप वाट पाहत होता. "तर नका मागू," ती म्हणाली. "एकदा मी घटिका वाढवली होती. आता पुन्हा नाही वाढवणार, तुमच्यासाठीसुद्धा."

 लोक एकेक करून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. चारी गावांचे लोक होते. सरदार पहिल्या रांगेत, शेजारी रायाजी, डोक्याला पाटकऱ्याचा फेटा. धोंडूही होता. पुन्हा झालेल्या परीक्षेत तो काठावर उतरला होता आणि त्याचं नाव आता शिळेवर कोरलेलं होतं.

चिमानं आपलं म्हणणं मांडलं. टोकाच्या गावाचं पाणी पोचेपर्यंत पाट भरण्यात जातं, आणि म्हणून त्या गावाला एक घटिका जास्त मिळायला हवी, एवढंच ती म्हणाली.

सरदार खदखदून हसले. "वाटीला मेण लावणारी पोरगी आम्हाला घटिका शिकवणार! आणि ऐका, आम्हीही काही अगदी आंधळे नाही. फळी पडल्यावर पाटात उरलेलं पाणी कुणाला मिळतं? टोकालाच ना? ते सांगायला विसरलात वाटतं?"

सभा चपापली. पाटलानं मान खाली घातली. दीड सांगितली असती, तर गाव इथंच खोटं ठरलं असतं, आणि पुढं शंभर वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नसतं.

"विसरले नाही," चिमा शांतपणे म्हणाली. "भरण्यात दीड जाते. उरलेलं पाणी अर्ध्याचं येतं. ते वजा करूनच एक मागितली."



आचार्य उठले. ते ओसरीवर गेले आणि घंगाळातली वाटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. तिच्याच मापाची जोडीची दुसरी वाटी घंगाळात सोडून दिली. "उद्या पाण्याचा दिवस आहे," ते म्हणाले. "ही वाटी मी टोकाला नेतो. ज्यांना पाहायचं त्यांनी चला. वाटी सांगेल ते सगळ्यांना मान्य?"

वाटीपुढे कुणाचं काही चालत नसे. सरदारांनाही मान डोलवावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सारं खोरं टोकाच्या बांधावर जमलं. शाळेची वाटी पहिल्यांदाच शाळेबाहेर आली होती. तिसऱ्या गावचा डफ वाजला. आचार्यांनी वाटी सोडली. पाटाचा तळ कोरडाच होता. वाटी भरत गेली, भरत गेली.

"बुडाली!" धोंडू ओरडला. पाट अजून कोरडाच.

वाटी पुन्हा सोडली. ती निम्मी भरली, तेव्हा वळणावर पाण्याची जीभ दिसली. टोकाच्या गावानं अशी आरोळी ठोकली, की झाडांवरचे बगळे उडाले. सूर्यास्ताला फळी पडली. उरलेलं पाणी मोजलं. वाटी निम्मी भरली आणि धार आटली.

"दीड गेली, अर्धी आली," आचार्य म्हणाले. "आजपासून टोकाच्या गावाला सात घटिका. वरच्या गावाच्या दहातली एक कमी. हिला भरणीची घटिका म्हणा. आणि हे ऐकून ठेवा. इतकी वर्षं ही चूक शाळेची होती. मी चाळीस वर्षं शिकवलं, पण इथवर एकदाही चालत आलो नाही. मला या गावाची क्षमा मागायची आहे."

आणि त्या म्हाताऱ्या माणसानं सगळ्यांदेखत हात जोडले.

मग ते रायाजीकडे वळले. "पाटकरी, तुमच्या गावच्या शेवटच्या वावरात पाणी पोचायला किती वेळ लागतो?"

रायाजीनं बापाकडे पाहिलं. बापानं आभाळाकडे पाहिलं. वरच्या गावचा एक शेतकरी मागून ओरडला, "पोचतंय कुटं? यंदा येक डाव बी पोचलं न्हाई!" हशा पिकला. आठवड्याच्या आत वरच्या गावानंच रायाजीचा फेटा उतरवून घेतला.

बांधावर ठकूबाई पुढे आली.  "म्हाराज, आमचं गाव सवता मागतंय. ह्या पोरीचं नाव लिवा. परवा आमी हिच्यावर रागावलो व्हतो. ही खरं बोलली म्हनून आज आमी मान वर करून हुबं हावोत. गेरूनं नगं. छिन्नीनं!"

"छिन्नीनं!" सारं गाव ओरडलं.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या दारात ठक्ठक् आवाज होत होता. कोरून झालं तेव्हा माळावरून आलेल्या कुंभारानं त्या नावावरून बोट फिरवलं आणि लेकीला जवळ घेतलं. टोकाच्या गावानं तिला पालखीत घालायचं म्हटलं, ती नको म्हणाली, तर त्यांनी तिला खांद्यावर उचललं. चार कोस डफ वाजत होते. पुढे ती खोऱ्याची मोठी पाटकरीण झाली, आणि शाळेत नवा नियम झाला, की कुठल्याही विद्यार्थ्याचं नाव टोकाला वर्ष काढल्यावाचून कोरायचं नाही.

आणि रायाजी? एके सकाळी तो बापाला न सांगता चार कोस चालत टोकाच्या गावी आला. ठकूबाईच्या दारात उभा राहिला.

ठकूबाईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आत गेली, कुदळ आणली आणि त्याच्या हातात दिली. "उशीर केलास," ती म्हणाली. "पर गाळ काय संपल्याला न्हाई."

तात्पर्य: शिक्षा टाळली, तर चूक आपल्याबरोबर घरी येते, शिक्षा मनापासून भोगली, तर तीच चूक आपली विद्या होते.